सूर्यावरचे डाग आणि तीनशे वर्षांचा डेटा: घरबसल्या सौरचक्र कसं काढायचं

जून लागला की गोव्यात सूर्य बघायचा विषय संपतो, चवथीपर्यंत तरी. दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात जाते, नाहीतर लेन्सवर बुरशी ठरलेली. मग जे लोक उरलेलं वर्षभर गच्चीवरून सूर्याचे डाग मोजतात त्यांनी हे चार महिने करायचं काय, तर माझं सरळ म्हणणं आहे की डेटा घेऊन बसा. सूर्याच्या डागांचे आकडे १७०० सालापासून फुकट मिळतात, लॅपटॉप आणि एक स्प्रेडशीट एवढ्यावर काम होतं, गणित सरासरी आणि कोरिलेशनच्या, म्हणजे आकड्यांच्या दोन रांगा किती सोबत हलतात त्याच्या, पुढे फारसं जात नाही. पण यूट्यूबवर दाखवतात तसं फाईल उतरवली, ग्राफ काढला, डाग वाढण्या-घटण्याची ११ वर्षांची लाट, म्हणजे सौरचक्र, दिसली, झालं, असं करू नका. ही तीनशे वर्षांची मालिका एका माणसाने एका दुर्बिणीतून मोजलेली नाही, ती जोडून जोडून केलेली आहे, आणि ते जोड कुठे आहेत हे माहीत नसेल तर तुम्ही सूर्याचं नाही, मोजणाऱ्यांचं चक्र काढून बसाल.

हा आकडा नेमका कसला?

सनस्पॉट नंबर म्हणजे डागांची साधी मोजणी नाही. झुरिकच्या रुडॉल्फ वुल्फने १८४८ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. गटांची संख्या गुणिले १०, त्यात एकेक करून मोजलेल्या सगळ्या डागांची संख्या मिळवायची, आणि आलेल्या बेरजेला के नावाच्या एका गुणकाने गुणायचं. के हा निरीक्षकाचा गुणक, म्हणजे तुमची दुर्बीण, तुमचे डोळे, तुमची हवा, या सगळ्याचा हिशोब त्यात.

समजा आज सूर्यावर तीन गट आहेत, एकात १२ डाग, दुसऱ्यात एकटाच १, तिसऱ्यात ४. म्हणजे ३० अधिक १७, आले ४७. आता गंमत बघा, सूर्यावर एकच एकटा डाग असेल तर तो एक गटही असतो आणि एक डागही, म्हणून आकडा येतो ११. एका माणसाच्या मोजणीत ० नंतर थेट ११, मधलं काही नाहीच. महिन्याच्या सरासरीत ४ किंवा ७ दिसतं ते बरेच दिवस शून्य असल्यामुळे. मिनिममच्या, म्हणजे डाग सगळ्यात कमी असण्याच्या, काळातले आकडे वाचताना हे डोक्यात ठेवा.

फाईल कुठून आणि कुठली

ब्रसेल्समध्ये बेल्जियमची रॉयल ऑब्झर्व्हेटरी आहे, तिथलं सिल्सो हे केंद्र १९८१ पासून हा आकडा सांभाळतं, त्याआधी झुरिककडे होता. सिल्सोच्या साईटवर रोजचा डेटा १८१८ पासून, महिन्याचा १७४९ पासून आणि वर्षाचा १७०० पासून मिळतो, शिवाय १३ महिन्यांचा स्मूद केलेला वेगळा. सुरुवातीला महिन्याची आणि वर्षाची सीएसव्ही घ्या, रोजची फाईल नंतर, ती मोठी असते आणि उगाच गोंधळ वाढतो.

फाईल उघडताना दोन-तीन गोष्टी हमखास नडतात. कॉलम स्वल्पविरामाने नाही, अर्धविरामाने वेगळे केलेत, त्यामुळे इम्पोर्ट करताना सेपरेटर बदला नाहीतर सगळं एकाच कॉलमात येईल. वरती हेडरची ओळ नसते, पहिली ओळच डेटाची, पायथनमध्ये पांडाजने वाचणाऱ्यांनी हेडर नाही असं सांगायचं, नाहीतर जानेवारी १७४९ गायब. महिन्याच्या फाईलीत कॉलम असे: वर्ष, महिना, दशांशात वर्ष, सनस्पॉट नंबर, स्टँडर्ड डेव्हिएशन, किती निरीक्षणं, आणि शेवटी १ किंवा ०. शेवटी ० असेल तर तो आकडा अजून पक्का नाही, प्रोव्हिजनल आहे, नंतर थोडा हलू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उणे १. जिथे माहिती नाही तिथे सिल्सो उणे १ लिहितं. १८१८ च्या आधी रोजचा डेटा नसल्यामुळे महिन्याच्या फाईलीत तिथल्या स्टँडर्ड डेव्हिएशनला उणे १ आहे, आणि रोजच्या फाईलीत १८१८ ते १८४८ मध्ये असे बरेच दिवस सापडतील. ते सगळे आधी रिकामे करा. शून्य नाही हां, रिकामे. शून्य म्हणजे सूर्य बघितला आणि डाग नव्हता, रिकामं म्हणजे बघितलाच नाही, या दोन गोष्टी एक केल्या की पुढचं सगळं वाकडं.

व्हर्जनचा घोळ, इथे वेळ द्या

जुन्या पुस्तकांत, जुन्या लेखांत, कॉलेजच्या नोट्समध्ये तुम्हाला चक्र १९ चा (१७५५ पासून चक्रांना ओळीने क्रमांक दिलेत, हे १९५० च्या दशकातलं) कमाल आकडा २०१ मिळेल. सिल्सोच्या आजच्या फाईलीत तोच २८५ आहे. दोन्ही बरोबर, कारण १ जुलै २०१५ ला पूर्ण मालिका दुरुस्त करून व्हर्जन २ आलं.

आता हे स्वतः पडताळून बघा, मला वाटतं या सगळ्या उद्योगातला सगळ्यात शिकवणारा भाग हाच आहे. चक्र १९ घ्या, कमाल मार्च १९५८, जुना २०१.३, नवा २८५.०, भागाकार केला की येतो १.४२. आता चक्र ४ घ्या, कमाल फेब्रुवारी १७८८, जुना १४१.२, नवा २३५.३, भागाकार १.६७. नुसती पट्टी बदलली असती तर दोन्हीकडे एकच गुणोत्तर आलं असतं ना, मग फरक कुठून आला?

१.६७ चं कारण सोपं आहे. वुल्फनंतर आलेला वुल्फर बारीक डागही मोजायचा, त्यामुळे त्याचा आकडा वुल्फपेक्षा जास्त यायचा, म्हणून झुरिकवाले सगळ्याला ०.६ ने गुणून वुल्फच्या पातळीवर आणत. व्हर्जन २ मध्ये वुल्फरलाच मापदंड धरलं आणि ०.६ काढून टाकला, १ भागिले ०.६ म्हणजे १.६७. मग चक्र १९ ला पूर्ण १.६७ का नाही मिळाले, तर १९४७ च्या आसपासपासून झुरिकमध्ये मोठ्या डागाला एकापेक्षा जास्त वजन द्यायची पद्धत मालिकेत शिरली होती, मोठा ठळक डाग असेल तर तो २, ३, अगदी ५ सुद्धा धरायचा. त्याने आकडे सुमारे १८ टक्के फुगले होते. व्हर्जन २ ने ती फुगवटी काढली. १.६७ ला १.१८ ने भागा, १.४१ येतं, जुळलं की नाही?

याचा परिणाम किती मोठा ते बघा. जुन्या मालिकेत चक्र १९ हे चक्र ४ पेक्षा ४३ टक्के मोठं दिसायचं, नव्या मालिकेत २१ टक्के. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यात सूर्य कधी नव्हे एवढा खवळला होता असं जे छातीठोकपणे सांगितलं जायचं, त्यातला बराचसा भाग मोजणीच्या सवयीचा होता. चक्र १९ अजूनही सगळ्यात उंचच आहे, पण एकटं डोंगरासारखं नाही. म्हणून नियम एकच, दोन व्हर्जन एका ग्राफवर कधीच मिसळू नका, आणि कोणी आकडा सांगितला की आधी विचारा, व्हर्जन कुठलं?

स्मूदिंग

महिन्याचा ग्राफ काढलात की तो करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. सूर्य स्वतःभोवती फिरतो, आपल्याला तो साधारण २७ दिवसांत एक फेरी मारताना दिसतो, मोठा गट समोर आला की आकडा वर, मागे गेला की खाली. हे घालवायला १३ महिन्यांची सरासरी वापरतात, पण साधी नाही. मधला महिना धरून आजूबाजूचे ११ महिने पूर्ण घ्यायचे, दोन्ही टोकांचे महिने अर्धे अर्धे, आणि बेरजेला १२ ने भागायचं. कॅल्क किंवा एक्सेलमध्ये एकच फॉर्म्युला लिहून खाली ओढायचा. आलेला कॉलम सिल्सोच्या स्मूद फाईलीशी ताडून बघा, जुळला म्हणजे तुमचा फॉर्म्युला बरोबर.

या पद्धतीत शेवटच्या सहा महिन्यांना स्मूद आकडा मिळतच नाही, कारण पुढचे महिने अजून आलेले नाहीत. त्यामुळे पीक, म्हणजे चक्राचं शिखर, झाला का हे सहा-आठ महिने उलटल्याशिवाय कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, व्हॉट्सॲपवर कोणी आज सांगत असेल तर हसून सोडून द्या.

कमाल, किमान आणि चक्राची लांबी

स्मूद कॉलमात प्रत्येक दरीचा तळ आणि प्रत्येक शिखराचा माथा शोधून वेगळ्या शीटवर लिहा. क्रमांक १७५५ मध्ये सुरू झालेल्या चक्रापासून लावतात, ते चक्र १. आपल्या आठवणीतला काळ घेऊ, तळ असे येतात: ऑक्टोबर १९६४, मार्च १९७६, सप्टेंबर १९८६, ऑगस्ट १९९६, डिसेंबर २००८, डिसेंबर २०१९. मधली अंतरं महिन्यांत काढा: १३७, १२६, ११९, १४८, १३२. सरासरी १३२.४ महिने, म्हणजे ११ वर्षं आणि वर थोडंसं. सरासरी अगदी पुस्तकातली, पण सुटी चक्रं दहा वर्षांपासून सव्वाबारा वर्षांपर्यंत पसरलेली. हाईनरिश श्वाबेने १८४४ मध्ये पहिल्यांदा चक्र जाहीर केलं तेव्हा त्याला ते साधारण १० वर्षांचं वाटलं, त्याच्याकडे १८२६ पासूनचाच डेटा होता, त्याला दोष काय देणार.

हे नुसते आकडे वाटत असतील तर घरातल्या मोठ्यांना १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण विचारा. खग्रासचा पट्टा गोव्याच्या खाली, अंकोल्यावरून गेला होता, आणि आपल्याकडे लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले होते. चक्र २१ चा पीक डिसेंबर १९७९, म्हणजे ते ग्रहण ऐन भरात आलं, तेव्हाचा करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजोवलय, सगळ्या बाजूंनी पसरलेला होता. उलट २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण, जे गोव्यातून खंडग्रास दिसलं, ते बरोबर तळाच्या महिन्यात.

चढण किती वेगाने

झुरिकच्याच वाल्डमायर या खगोलशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवलेली एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे: जोरदार चक्र लवकर चढतं, मरगळलेलं सावकाश. तळापासून माथ्यापर्यंतचे महिने आणि माथ्याचा आकडा शेजारी शेजारी मांडा. चक्र २२ ला ३८ महिने लागले आणि पीक २१२, चक्र २४ ला ६४ महिने आणि पीक ११६. मस्त जुळतंय. पण चक्र २३ बघा, ६३ महिने आणि पीक १८०, हे चक्र नियमाला जुमानत नाही.

कारण शोधायला गेलात तर मजा येते. बऱ्याच चक्रांना दोन शिखरं असतात. चक्र २३ चं पहिलं शिखर एप्रिल २००० मध्ये, दुसरं नोव्हेंबर २००१ मध्ये, दोघांत फरक थोडाच. जुन्या व्हर्जनमध्ये पहिलं वरचढ होतं, नव्यात दुसरं वरचढ झालं. पहिलं धरलं तर चढण ४४ महिन्यांची होते आणि तक्रार बरीचशी मिटते. म्हणून चढणीचा एकूण काळ मोजण्यापेक्षा वेग मोजा, तळ ते माथा या उंचीच्या २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जायला किती महिने लागले ते काढा आणि उंचीला त्याने भागा. माथा कुठला हा वाद मग फारसा उरत नाही.

११ वर्षं खरंच दिसतात का: दोन परीक्षा

पहिली सोपी. वर्षाच्या फाईलीतला आकड्यांचा कॉलम कॉपी करून शेजारी एक वर्ष खाली सरकवून लावा, दोघांचं कोरिलेशन काढा, मग दोन वर्षं सरकवा, तीन, असं २५ पर्यंत, आणि त्या २५ उत्तरांचा ग्राफ काढा. पाचेक वर्षांवर खोल खड्डा, ११ च्या आसपास उंचवटा, २२ च्या आसपास दुसरा पण बुटका. दुसरा बुटका का, तर चक्रांची लांबी एकसारखी नसल्यामुळे दोन चक्रांनंतर ताल सुटत जातो. हा २२ म्हणजे सूर्याचं चुंबकीय चक्र सापडलं असं समजू नका. ते २२ वर्षांचं चक्र खरं आहे, दर ११ वर्षांनी डागांची चुंबकीय दिशा उलटते, डागांत चुंबकत्व असतं हे हेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच दाखवलं, पण डागांच्या संख्येत दिशा कुठे असते?

दुसरी परीक्षा फूरिए, म्हणजे एफएफटी, आकड्यांत किती वर्षांच्या लाटा दडल्यात ते काढणारं गणित. पायथनमध्ये नमपायने दोन ओळींत होते. आधी सरासरी वजा करा, हॅन विंडो लावा, म्हणजे मालिकेची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा, आणि मग चालवा. इथे एक सावधगिरी. १७०० ते २०२४ ही ३२५ वर्षं, त्यामुळे एफएफटीला ११ च्या जवळ फक्त ३२५ भागिले २९ म्हणजे ११.२१ आणि ३२५ भागिले ३० म्हणजे १०.८३ हेच खण उपलब्ध असतात. उत्तर १०.८३ आलं म्हणून चक्र १०.८३ वर्षांचं आहे असं दोन दशांशांत छापू नका, तो खणाचा आकडा आहे, सूर्याचा नाही. शिवाय १० ते ११ च्या मध्ये एकच टोकदार सुळका न येता दोन-तीन येतील, तेही साहजिक, चक्र घड्याळासारखं चालत नाही एवढाच त्याचा अर्थ. ८०-१०० वर्षांच्या बाजूलाही एक फुगवटा दिसतो, त्याला ग्लाइसबर्ग चक्र म्हणतात, पण ३२५ वर्षांत अशा लाटा बसतात तीन-चार, तीन-चारवर मी तरी पैज लावणार नाही.

अजून एक छोटी युक्ती, आकडा मोठा झाला की त्यातली चढ-उतारही मोठी होते, म्हणून परीक्षेआधी सगळ्या आकड्यांचं वर्गमूळ घेऊन बघा, लहान चक्रांनाही मग थोडी किंमत येते.

जुना काळ

१७९० ते १८३० चं डाल्टन मिनिमम फाईलीत स्वच्छ दिसेल, चक्र ५ आणि ६ दोन्ही ८० च्या घरात. त्याच्या आधीचं चक्र ४ मात्र साडेतेरा वर्षं लांबलेलं आहे, आणि त्या शेवटच्या वर्षांत निरीक्षणं इतकी विरळ आहेत की मध्ये एक छोटं चक्र हरवलं असावं असं काही संशोधक म्हणतात, बाकीचे मानत नाहीत. १६४५ ते १७१५ च्या माउंडर मिनिममसाठी सिल्सोची फाईल जवळजवळ निरुपयोगी, ती सुरूच १७०० ला होते. तिथे ग्रुप सनस्पॉट नंबर घ्या, फक्त गट मोजणारी मालिका, हॉइट आणि शॅटनने १९९८ मध्ये केली, १६१० पासून आहे. त्या काळात डाग दिसले नाहीत कारण कोणी बघतच नव्हतं असं समजू नका, पॅरिसमध्ये पिकार आणि ला हिर हे खगोलशास्त्रज्ञ नेमाने बघत होते.

त्याहून मागे जायचं तर झाडांच्या वलयांतला कार्बन १४ आणि बर्फातला बेरिलियम १०, सूर्याच्या कमी-जास्त जोराचा माग त्यांत उरतो. वास्कोला सड्यावरून जाताना एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन केंद्राची इमारत दिसते, अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या कांड्या तिथे शीतगृहात ठेवतात, बर्फात इतिहास कसा साठतो हे समजून घ्यायचं असेल तर लांब जायला नको.

पावसाशी जोडायचा मोह

हे हमखास होतं. डेटा हातात आला की कोणीतरी म्हणणार, आपला पाऊस लावून बघूया, काजूचं पीक लावून बघूया. विल्यम हर्शेलने १८०१ मध्ये गव्हाचे भाव लावून बघितले होते, जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात तर हिंदुस्थानातली पिकं मध्ये घालून व्यापारातल्या मंदीपर्यंत धागा नेला. दोन्ही टिकलं नाही. करून बघा, मनाई नाही, पण ६० वर्षांचा पाऊस म्हणजे ६० स्वतंत्र आकडे नाहीत, सूर्याच्या बाजूने ती जेमतेम साडेपाच चक्रं आहेत. दोन्ही कॉलम ५ वर्षांपर्यंत पुढेमागे सरकवून सगळ्यात चांगलं कोरिलेशन निवडलंत तर काही ना काही सापडणारच. खरी परीक्षा अशी: सूर्याचा कॉलम ३० किंवा ४० वर्षांनी सरकवून खोटी जोडी करा आणि तिथे किती कोरिलेशन येतं ते बघा. खोट्या जोडीतही तेवढंच आलं तर विषय बंद.

स्वतःची मोजणी जोडायची असेल तर

ऑक्टोबर ते मे आपल्याकडे आकाश उत्तम असतं. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट बघायचं नाही, कधीच नाही, प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा आणि फाईंडरला, म्हणजे दुर्बिणीवरच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण लावा, पोरं त्यातूनच डोकावतात. सकाळी मोजा, दुपारी गच्ची तापली की हवा थरथरते आणि बारीक डाग विरघळून जातात. कागदावर गट आणि डाग लिहा, १० गुणिले गट अधिक डाग करा. पुरेसे दिवस जमले की त्याच दिवसांच्या सिल्सोच्या आकड्यांची बेरीज भागिले तुमच्या आकड्यांची बेरीज, हा तुमचा के. १.३ आला म्हणजे तुम्हाला कमी डाग दिसतात, लाजण्यासारखं काही नाही, छोट्या दुर्बिणीला तसंच होणार. फक्त आदल्या दिवशीचा सिल्सोचा आकडा बघून मोजायला बसू नका, मग डोळ्यांना हवे तेवढे डाग दिसतात.

पुढचं चक्र सांगता येतं का

थोडंफार. चक्र २५ साठी नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) यांच्या पॅनेलने पीक ११५, जुलै २०२५ असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात स्मूद आकडा ऑक्टोबर २०२४ मध्ये १६० च्या आसपास गेला. इतक्या मोठ्या पॅनेलचं हे झालं, तर तुमच्या स्प्रेडशीटने चक्र २६ चा आकडा काढलाच तर सोबत किती इकडेतिकडे होऊ शकतं तेही लिहा. चक्र २४ लहान म्हणून २५ ही लहान, असलं तर्कट चालत नाही. सध्या सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे तळाच्या वेळी सूर्याच्या ध्रुवांवर चुंबकीय क्षेत्र किती आहे ती, आणि स्टॅनफर्डच्या विल्कॉक्स वेधशाळेकडे ते मोजमाप १९७६ पासूनच आहे, म्हणजे पडताळायला चक्रं हातावर मोजण्याएवढी. सौर वादळांचा अंदाज तर यातून काढूच नका, २००३ चं हॅलोवीनचं वादळ पीक होऊन दोन वर्षांनी आलं होतं.

सिल्सोची महिन्याची फाईल दर १ तारखेला नवी होते. जुनी फाईल पुसून टाकू नका, नावात तारीख घालून ठेवा, प्रोव्हिजनल आकडे नंतर किती हलले ते ताडायला तीच लागते.